पाकीट आधी, पत्र नंतर
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



दारात तारवाला उभा राहिलेला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तार हातात पडली की मजकूर कळण्याआधीच आमच्या आजीचे हात थरथरायचे. देशातली तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, पण ती थरथर काही गेली नाही. फिशिंगचा, म्हणजे फसवून माहिती काढून घेणारा, मेल लिहिणारा नेमकी तीच जागी करतो. ‘आज रात्री बारानंतर आपलं खातं बंद होईल.’ नाहीतर, ‘आपला परतावा मंजूर झाला आहे, ताबडतोब तपशील भरा.’ कधी भीती, कधी लोभ. घाई मात्र दोन्हीकडे.

‘आम्ही शिकलेली माणसं, आम्ही कसले फसतोय?’ असं वाटत असेल, तर बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेची गोष्ट ऐका. २०१५च्या सुरुवातीला तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरी मागणारे मोठे नम्र मेल आले. सोबत बायोडेटा. कोणीतरी तो उघडला आणि चोर आत शिरले. वर्षभर दबा धरून बसले. फेब्रुवारी २०१६मध्ये त्यांनी त्या बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळपास ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश सोडले. बहुतेक अडले, ८.१ कोटी डॉलर मात्र फिलिपिन्समध्ये पोचले आणि त्यातले बरेचसे कसिनोंत जिरले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी वाचले, कारण ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं होतं आणि वाटेतल्या बँकेला शंका आली.

असं काही ऐकलं की सगळे सांगतात, शुद्धलेखनाच्या चुका शोधा. आता त्या भरवशावर राहू नका. चोराच्या हाताशीही एआय आहे. तो तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध मराठी पाठवील.

मग बघायचं काय? पाकीट. पूर्वी आपण पत्र फोडण्याआधी पाकीट उलटसुलट करून पाहायचो. अक्षर कोणाचं, शिक्का कुठला. मेलवर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, ते त्यानंच लिहिलेलं असतं. त्याला काय किंमत? शिक्का असतो लिंकच्या पत्त्यावर.

गेल्या जुलैत मी आयकराचं विवरणपत्र भरलं आणि चौथ्या दिवशी परताव्याचा मेल आला. मी लिंक उघडली नाही, नुसतं बोट दाबून धरलं. संगणकावर माउस वर नेला तरी पत्ता दिसतो. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’. सुरुवात थेट सरकारी पोर्टलची! मी सुखावलो. पण पत्ता तिथे संपत नव्हता. पुढे होतं, ‘डॉट रिफंड-तपशील डॉट कॉम’.

पत्त्यात मालक शेवटी बसतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढच्या पहिल्या एकट्या रेघेपाशी थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. ‘कॉम’ला चिकटलेला शब्द हा घराचा मालक. त्याच्या डावीकडचं सगळं म्हणजे त्याच्या घरातल्या खोल्या. खोलीवर ‘मंत्रालय’ अशी पाटी लावली म्हणून तिथे मंत्री बसत नाहीत. शेवट ‘गव्ह डॉट इन’ असेल, तर तो सरकारी संस्थांनाच मिळतो. रिझर्व्ह बँकेनंही बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा शेवट राखून ठेवला आणि तिथे येण्यासाठी त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर मात्र भाळू नका. कुलूप चोराच्या घरालाही असतं.

डोळे फसतात, हेही खरं. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ जवळजवळ आले की ‘एम’ दिसतो. म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा. तो पत्ता अक्षरन् अक्षर जुळवतो आणि खोट्या दारात पासवर्ड आपणहून भरत नाही. त्याहून सोपं म्हणजे मेलनं दाखवलेल्या दारानं जाऊच नका. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा, कार्डामागच्या नंबरवर फोन करा.

आणि फसलातच, तर लाजत बसू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. आपण घरच्यांना सांगावं की नाही, या विचारात असतो. बँकेला कळवा, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर १९३० फिरवा, पासवर्ड बदला.

तार इंग्रजीत यायची. म्हणून आजी ती घेऊन अंगण ओलांडून समोरच्या मास्तरांकडे जायची. दोन मिनिटं लागायची. तोवर हात जरा स्थिर व्हायचे, आणि कागदावर दुसरे डोळे पडायचे. आज मेल आपल्याला वाचता येतो, म्हणून आपण अंगण ओलांडत नाही. ते ओलांडा.