उतारशाळेचा रक्षक
(परिचारिका दिनानिमित्त, १२ मे रोजी उपासनेनंतर केलेले भाषण)



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातला उतारशाळेचा रक्षक मात्र आपल्या लक्षात राहत नाही. शोमरोनी दुसऱ्या दिवशी पुढे गेला. त्यानंतर जखमी माणसाची काळजी घेतली ती या रक्षकाने. दवाखान्यात ते काम सिस्टर करते.

आपल्या देणग्यांवर सातपुड्यातल्या एका पावरा मुलीने तीन वर्षांचा जीएनएम कोर्स पूर्ण केला. ती एका दवाखान्यात नोकरीला लागली आणि आठ महिन्यांत सोडून गेली. "एवढा खर्च करून काय उपयोग झाला?" असे काहींनी मला विचारले. खरे सांगते, मलाही राग आला होता. म्हणून मी तिला भेटायला सुरतेला गेले.

ती म्हणाली, "ताई, काम जड नव्हतं. एकटेपण जड होतं."

दुसऱ्याच महिन्यात तिला रात्रपाळीला एकटीला ठेवले होते. एका रात्री न्यूमोनियाचे बाळ दगावले. डॉक्टर सिझेरियनमध्ये अडकले होते. पावरी भाषा येणारी तीच एक, त्यामुळे आईला सांगण्याचे कामही तिच्यावरच आले. सकाळी तिला विचारले ते एवढेच, की रजिस्टर अपुरे का? पुढे संध्याकाळ झाली की तिच्या पोटात गोळा यायचा. तसे सहा महिने तिने काढले.

आपण 'सेवा' हा शब्द फार सहज वापरतो. पाळ्या वाढल्या तरी सेवा, पगार कमी तरी सेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ साली नेमलेल्या केंद्राच्या समितीने, ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. आपल्या मिशन संस्थांनी आपले पगारपत्रक या आकड्याशी ताडून पाहावे.

माझी तीन मागणी आहेत. पहिले सहा महिने नव्या सिस्टरला रात्री एकटीला ठेवू नये. वॉर्डात मृत्यू झाला, तर सकाळी रजिस्टर मागण्याआधी कोणीतरी तिच्याजवळ बसावे. आणि आपण देणगीदारांनी कोर्सच्या फीबरोबर नोकरीच्या पहिल्या वर्षाचाही भार उचलावा. आपल्या मंडळीत निवृत्त सिस्टर आहेत. त्यांच्यापैकी कोणी महिनाभर जाऊन नव्या मुलींसोबत राहिल्या, तर तेही मोठे दान आहे.

शोमरोन्याने रक्षकाला पैसे दिले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन, असा शब्दही दिला. आपण फी भरली, पण परत फिरून गेलो नाही.

निघताना मी त्या मुलीला विचारले, "परत येशील का?" ती म्हणाली, "रात्री सोबत कोणी असेल, तर येईन."

प्रियजनहो, तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि ते 'कोणी' होण्यास आपल्यातले कोण तयार आहे, हे उपासनेनंतर मला येऊन सांगा. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.