शिळा भाव कोण पुसणार?



बुऱ्हाणपूरच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. पण क्लाउडची बिलं, नवी साधनं, नोकऱ्या यांवर इथे पुष्कळ बोलून झालं. मला कित्येक वर्षं एकच गोष्ट बोलायची आहे. अनेक सर्व्हरांसाठी सामायिक कॅशे, म्हणजे डेटाबेसातल्या नोंदींच्या हाताशी ठेवलेल्या प्रती, उभारताना आपण सगळं ठरवतो; त्यातली नोंद शिळी झाल्यावर कोणी पुसायची, एवढंच ठरवत नाही.

सकाळी कॅशेसाठी मेमकॅश्ड हे सॉफ्टवेअर घ्यावं की रेडिस, यावर खडाजंगी झाली. एक 2003 सालचं, दुसरं 2009 सालचं. दोन्ही मी वापरली आहेत, दोन्ही चांगली आहेत. वाद तिथे नाहीच.

केळीचे रोजचे भाव दाखवणारं एक ॲप माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. चार सर्व्हर, प्रत्येकाच्या मेमरीत आपली वेगळी कॅशे. लिलाव आटोपला की नवा भाव डेटाबेसात चढे. पण ज्या सर्व्हरवरून तो चढला तेवढाच आपली जुनी प्रत पुसे. रावेरकडचा शेतकरी एकदा पान उघडे तेव्हा आजचा भाव, पुन्हा उघडे तेव्हा कालचा. बांधावर व्यापारी उभा, ट्रक लागलेला, आणि एकाच फोनवर दोन भाव! व्यापारी कोणता धरणार, हे सांगायला नको. मग ॲपच्या मंडळींनी चारही सर्व्हरांत मिळून एक रेडिस बसवलं. दोन भाव दिसायचे थांबले. आता सगळ्यांना एकसारखा कालचाच भाव दिसू लागला. कारण भाव चढवणारी आणखी एक स्क्रिप्ट थेट डेटाबेसात लिहीत होती आणि कॅशे नावाची काही वस्तू आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

आम्ही लिहिण्याची वाट एकच ठेवली. डेटाबेसात नोंद पक्की झाली की त्याच कोडने कॅशेतली तिची की, म्हणजे नावासकट ती प्रत, पुसायची. नवा भाव तिथे लिहायचा नाही, कारण दोन बदल पाठोपाठ आले तर जुना मागाहून पोचून वर बसू शकतो. पुसण्याचा निरोप वाटेत हरवला तर म्हणून टीटीएल, म्हणजे नोंद आपोआप बाद होण्याची मुदत. टीटीएल हा शेवटचा आधार आहे. आपण त्यालाच धोरण म्हणतो, हे मला सहन होत नाही.

कॅशेचे सर्व्हर वाढवण्याचंही तेच. कोणती की कोणत्या सर्व्हरवर हे ठरवायला कीच्या हॅशला सर्व्हरांच्या संख्येने भागून बाकी पाहाल, तर चाराचे पाच करताच पाचांतल्या चार की जागा सोडतात आणि सारा लोंढा डेटाबेसवर येतो. 1997 साली मांडलेल्या कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये साधारण पाचांतली एकच हलते. पण नेटवर्कमुळे तुटलेला सर्व्हर परत जोडला की त्याच्या पोटातल्या जुन्या प्रती पुन्हा बोलू लागतात. त्या कोण पुसणार? फेसबुकच्या अभियंत्यांनी 2013 च्या शोधनिबंधात लीजची योजना सांगितली: की सापडली नाही तर कॅशे एक टोकन देते, आणि मधल्या काळात ती की पुसली गेली तर त्या टोकनवर आलेलं मूल्य नाकारते. एवढ्या मोठ्यांना शिळ्या प्रतीचा प्रश्न सोडवावा लागला. आपण तो विचारतही नाही!

उद्या आपण इथला कुंडी भंडारा पाहायला जाल, तिथेही हीच गोष्ट दिसेल. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारातून कुंडीकुंडीने शहराकडे आणलं गेलं. कुंडी म्हणजे उगम नव्हे. तशी कॅशेही उगम नव्हे; ती केव्हाही रिकामी करता आली पाहिजे.

या विषयावर मराठीत एक पुस्तिका काढावी असं मी सुचवतो. कोणी, कधी, ते कार्यकारिणी पाहील. तोवर परत गेल्यावर आपापल्या टीमला प्रत्येक की पुसणारी कोडमधली ओळ दाखवायला सांगा. ओळ सापडली नाही, तर ती की कॅशेतून काढून टाका. पान थोडं सावकाश उघडेल, उघडू द्या.