ओ-टूच्या आधीचा दोन



दहावीला ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हा धडा सुरू झाला की एक चूक दरवर्षी भेटते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. मग कुणीतरी पाण्याच्या सूत्रात ‘ओ’च्या खाली दोन लिहून मोकळं होतं. “बाई, झालं की समान!” समान झालं खरं, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखमेवर ओतलं की फसफसतं, ते. सूत्राच्या पोटातल्या आकड्याला हात लावायचा नाही. आकडा लिहायचा तो सूत्राच्या आधी.

नियम मुलं पाठ करतात. पण तो आधीचा आकडा त्यांना फक्त गुणांपुरता वाटतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी वर्ग त्यांच्या घरी नेते.

मी मुलुंडला शिकवते. इथे बऱ्याच इमारतींत महानगर गॅसची पाइपलाइन आहे. हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. लिहून घ्या: सी-एच-फोर अधिक ओ-टू, मग बाण, सी-ओ-टू अधिक एच-टू-ओ. कार्बन जुळला. हायड्रोजन डावीकडे चार, उजवीकडे दोन, म्हणून पाण्याआधी दोन. आता उजवीकडे ऑक्सिजन चार झाले, म्हणून ओ-टूच्या आधीही दोन. ऑक्सिजन शेवटी घ्यावा, खाडाखोड वाचते.

हा दोन काय सांगतो? एक घनमीटर मिथेनला दोन घनमीटर ऑक्सिजन हवा. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, म्हणजे हवा लागते साडेनऊ घनमीटर. आता आपली बाथरूम बघा. चार बाय सहा, उंची आठ फूट: 192 घनफूट, जेमतेम साडेपाच घनमीटर. आत गॅस गिझर आणि जानेवारीच्या गारठ्यात खिडकीच्या काचपट्ट्या बंद. एवढ्या हवेत पाऊण घनमीटर गॅसही पुरता जळायचा नाही.

आणि ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी दुसरं समीकरण सुरू होतं. दोन सी-एच-फोर, तीन ओ-टू. उजवीकडे दोन सी-ओ, चार एच-टू-ओ. मोजा, तेही संतुलित आहे. मिथेनच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे रेणू दोनऐवजी दीड मिळाले, एवढंच. पण त्यातून निघाला कार्बन मोनॉक्साइड. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात वास मिसळलेला असतो; याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पट घट्ट धरतो. बंद बाथरूममध्ये गिझरमुळे माणसं गेल्याच्या बातम्या मुंबईत आपण ऐकल्या आहेत.

म्हणून या धड्याचा गृहपाठ वेगळा असतो: मोजपट्टी घ्या, बाथरूम मोजा, घरी समीकरण वाचून दाखवा. गिझर आत असेल तर तो बाहेर बसवून घ्या. तोवर बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

एकदा एका वहीत अचूक समीकरणाखाली लिहिलेलं होतं: ‘150 घनफूट. गिझर आत. खिडकी नाही.’ त्या घरी मी त्याच संध्याकाळी फोन केला.