गळ्याखालची शिवण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोळा उरकला आणि दसरा जवळ आला, की आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसायला लागतात. कुणाच्या हातात तुटलेली म्होरकी असते, कुणाच्या खांद्यावर उसवलेला पट्टा. मी शाळामास्तर, आता निवृत्त झालो आहे. पण वडील चर्मकारीचं काम करत आणि त्यांची आरी मी अजून सोडलेली नाही.

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातली कितीतरी गावं ओस पडतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी कर्नाटकात. ऊस तोडायची यंत्रं आली, ट्रॅक्टर आले, तरी बैलगाडी घेऊन जाणारे गाडीवान अजून आहेत. त्यांच्या बैलांच्या गळ्याखालच्या एका पट्ट्याविषयी मला आज बोलायचं आहे.

या पट्ट्याला आमच्याकडे सापती म्हणतात. जू बैलाच्या मानेवर ठेवायचं आणि सापती गळ्याखालून घेऊन जुवाच्या शिवळेला अडकवायची. सपाट रस्त्यावर तिला फारसं काम नसतं. ओढ सगळी जुवावर असते, सापती नुसती लोंबते. पण उसाच्या गाडीत दीड-दोन टन माल असतो. फडातून रस्त्यावर चढताना माल मागे सरकला, की गाडी उलाळ होते. मागचं ओझं खाली बसतं, दांडी वर उठते आणि जू मानेवरून उचललं जातं. त्या वेळी त्याला धरून ठेवते ती सापतीच. म्हणून ती रुंद हवी. बारीक दोरी गळ्यात रुतते, रुंद पट्ट्यावर तोच ताण पसरतो.

1982 साली मी सतरा वर्षांचा होतो. अण्णा तापानं अंथरुणाला खिळले होते. शेजारच्या गावचे एक गाडीवान संध्याकाळी सापती घेऊन आले. पहाटे त्यांना निघायचं होतं. मला काम येत होतं, असं मला वाटत होतं. मी एकेरी दोरा घेतला, पट्ट्याची दोन टोकं एकमेकांवर ठेवली आणि सरळ धावदोरा घातला. वरून शिवण देखणी दिसत होती. त्यांनी दिलेले दोन रुपये मी ऐटीत आईच्या हातावर ठेवले.

ते परत आले तेव्हा लंगडत होते. फडाचा बांध चढताना गाडी उलाळ झाली होती. सापतीचा एक टाका तुटला आणि त्याच्यामागून सगळा दोरा सुटत गेला. जू एका बाजूनं उडालं, बैल गुडघ्यांवर आला, त्याचं शिंग मोडलं. हे मागच्या चाकाला दगड लावायला धावले होते; उसाच्या मोळ्या त्यांच्या पायावर आल्या. ती जोडी त्यांनी मुकादमाकडून उचल घेऊन आणलेली होती. मोडक्या शिंगाचा बैल नेकनूरच्या बाजारात निम्म्या किमतीला गेला. उचल मात्र पुरी फेडायची होती.

ते मला एक शब्दही बोलले नाहीत. अण्णांना एवढंच म्हणाले, “पोराचा हात अजून कवळा हाय, अण्णा.”

अण्णांनी मला मारलं नाही. ती सापती मागून घेतली, मला समोर बसवलं आणि माझी उरलेली शिवण माझ्याच हातानं उसवायला लावली. मग म्हणाले, “एक दोरा तुटला तर दुसऱ्यानं धरलं पायजे. अन् दुसरा तुटायच्या आत माणसाला दिसलं पायजे.”

तो टाका असा असतो. पट्ट्याची टोकं चांगली चार-पाच बोटं एकमेकांवर घ्यायची. दोऱ्याला मधमाशीचं मेण चोळायचं. मेणामुळे दोरा भोकात घट्ट बसतो आणि पाणी लवकर धरत नाही. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. आरीनं भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून पार करायच्या. दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. वरचा दोरा कशानं कापला गेला, तरी खालचा आपली जागा सोडत नाही. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा अडकवायचा आणि गाठ बैलाच्या कातडीकडे येऊ द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट. शिवणीच्या ओळी पट्ट्याच्या लांबीनं घालायच्या. आडवी ओळ घातली, की टपालाच्या तिकिटांमधल्या भोकांसारखं होतं; पट्टा नेमका तिथंच फाटतो.

अण्णा चामडं शिवत. आता बहुतेक पट्टे नायलॉनचे, नवारीसारखे विणलेले असतात. चामड्याला धारेची आरी चालते. विणलेल्या पट्ट्याला मात्र गोल टोकाची हवी. तिनं धागे बाजूला सरकतात, कापले जात नाहीत. कापलेलं टोक काडीच्या ज्योतीवर हलकं वितळवून घ्यायचं, नाहीतर ते विसकटतं. दोराही नायलॉनचाच घ्यावा. सुती दोरा घामानं आणि पाण्यानं पट्ट्याच्या आधी कुजतो. पण नायलॉन अमर आहे असं समजू नका. उन्हानं तेही कमजोर होतं.

माझा पुतण्या पुण्यात असतो, सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले गड चढतो. पाठीवरच्या सॅकचा पट्टा शिवायला त्यानं एक नवी आरी आणली. तिच्या मुठीतच दोऱ्याचं रीळ आहे. सुई दोरा घेऊनच आत जाते, थोडी मागे घेतली की फास तयार होतो, त्यातून दुसरं टोक काढून ओढायचं. शिलाई मशीनसारखा टाका पडतो. अमेरिकेत अशा आऱ्या शंभराहून अधिक वर्षं वापरात आहेत. सॅक, ताडपत्री, तंबू यांना ती उत्तम, मीही वापरतो. पण त्या टाक्यात दोन दोरे नुसते एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की दुसरा ढिला पडू शकतो. म्हणून सापती मी अजून दोन सुयांनीच शिवतो.

गाडीवान बांधवांना माझी एक विनंती आहे. निघायच्या आदल्या दिवशी सापती उलटी करून बघा. आतला दोरा घासून पिंजला असेल, पट्टा विटून ताठ झाला असेल, कडांना लव सुटली असेल, तर ती बदला किंवा शिवून घ्या. फडावर गेल्यावर सवड मिळत नाही आणि तिथं शिवणारा माणूसही लवकर सापडत नाही.

त्या गाडीवानांचा मुलगा आता माझ्याकडे येतो. शिवलेली सापती हातात घेतो, एका टोकावर पाय देतो आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी पुऱ्या ताकदीनं ओढून बघतो. मगच पैसे काढतो. तो ओढत असतो तेवढा वेळ मी आरी खाली ठेवून बघत राहतो.