म्हातारपण, घर आणि मोबाइल



रोवणीचे दिवस आले म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यातली घरे दिवसभर ओस पडतात. हातपाय चालणारा जो तो बांधीत. मुलगा नागपूरला किंवा पुण्याला नोकरीवर. घरी राहतात आजोबा, नाही तर एकटी आजी. अशा वेळी न्हाणीत पाय घसरला, तर हाक ऐकणार कोण?

अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकाचे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांत साठीपुढची माणसे सर्वांत अधिक. पडलेला माणूस तासन्‌तास तसाच राहिला, तर अंग गारठते, शोष पडतो, दबलेल्या स्नायूंना इजा होते. तेव्हा मदत किती लवकर येते, याला फार महत्त्व आहे.

मोबाइल येथेच उपयोगी पडतो. पण तो कोनाड्यात असेल, तर असून नसल्यासारखाच! म्हणून त्याला दोरी लावून तो गळ्यात घालावा, न्हाणीत जातानाही जवळ ठेवावा. 2016 च्या नियमानुसार 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या फोनवर संकटाची कळ हवी. साध्या फोनवर 5 किंवा 9 चे बटण दाबून धरायचे. स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण झटपट तीनदा दाबायचे. फोन 112 ला लागतो. आपल्या फोनवर ही सोय चालू आहे ना, हे जाणत्याकडून आधीच पाहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी 108 आहेच.

पण पहिला क्रमांक शेजाऱ्याचा ठेवा. लेक नागपूरहून निघाला तरी त्याला साठेक किलोमीटर यायचे. शेजारी दोन मिनिटांत दारात उभा राहील.

आणखी एक बिनखर्ची युक्ती. रोज सकाळी सातला आजीने लेकाला एक मिस्ड कॉल द्यावा. अक्षरओळख नसली तरी हे जमते. साडेसातपर्यंत तो आला नाही, तर लेकाने शेजाऱ्याला घरी पाठवावे. पडल्याचे ओळखणारी मनगटी घड्याळेही मिळतात. एकदम बसलेला हिसका आणि नंतरची निश्चलता त्यांना कळते. पण खाटेवरून हळूच घसरलेला माणूस त्यांच्या लक्षात येईलच असे नाही.

काही मुले घरात कॅमेरा बसवतात. बसवा, पण आधी बापाला विचारा. ज्याने घर बांधले, त्याच्यावर त्याच घरात न विचारता पहारा ठेवणे बरे नव्हे. आणि वडीलधाऱ्यांनो, फोनवर कोणी ओटीपी मागितला, तर देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 ला कळवा. पेन्शन, कायदा किंवा घरातला छळ यांविषयी ज्येष्ठांसाठी 14567 हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. एक तास यासाठी द्या. प्रत्येक मुलाकडून शेजाऱ्याचा नंबर, 112, 108 आणि 14567 हे ठळक आकड्यांत पुठ्ठ्यावर लिहून घ्या. तो पुठ्ठा घरी आजोबांच्या खाटेजवळ लावायला सांगा, आणि नातवाने आजोबांकडून कळ दाबण्याची पद्धत दोनचारदा पाठ करून घ्यावी. बटण कसे दाबायचे ते नातवाने शिकवलेले त्यांना लवकर उमगेल.