सूर्य सर्वांचा, पण कर्ज कोणाला?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



कार्यक्रमपत्रिकेवर ‘सौरऊर्जा’ हा शब्द वाचून आपल्यापैकी काहींनी पॅनेल, बॅटरी आणि युनिटचे हिशेब ऐकण्याची मनाची तयारी केली असेल. मी कलाशाखेचा पदवीधर. सिलिकॉनच्या पोटात वीज कशी जन्मते, हे मला समजावून सांगता येणार नाही, आणि त्याची आज आवश्यकताही नाही. तो प्रश्न शास्त्रज्ञांनी केव्हाच सोडविला आहे. जो अद्याप सुटलेला नाही, तो पत्रकाराच्या आवाक्यातला आहे. ज्याच्या घरी दिवा नाही, त्याला दिव्यासाठी कर्ज कोण देणार, किती व्याजाने देणार आणि कोणत्या हप्त्याने परत घेणार?

हा प्रश्न सौरऊर्जेच्याच वाट्याला इतक्या तीव्रतेने का यावा? डिझेल पंप घेणारा शेतकरी पंप एकदा विकत घेतो आणि डिझेल आयुष्यभर, लिटर-लिटरने घेत राहतो. रॉकेल तर बाटलीने मिळते. गरिबाची सारी अर्थव्यवस्थाच अशी सुटी, बाटलीबाटलीने चालणारी असते. सौरऊर्जेत इंधन फुकट. पण म्हणूनच पुढील वीस वर्षांचा बहुतेक खर्च पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. रॉकेलच्या दुकानदाराने सांगावे की, ‘बाबा रे, वीस वर्षांचे रॉकेल आजच घेऊन जा, पुढे एक पैसाही देऊ नकोस,’ तसा हा सौदा आहे. सौदा फायद्याचा खरा. परंतु तो रोखीने करण्याची ऐपत ज्याच्यापाशी असते, त्याच्या घरी वीज बहुधा आधीच पोहोचलेली असते.

एक साधा हिशेब सांगतो. एक कोटी रुपयांचा सौर प्रकल्प वीस वर्षांच्या कर्जावर उभारला आणि व्याज पाच टक्के असले, तर वार्षिक हप्ता सुमारे आठ लाख रुपये पडतो. व्याज पंधरा टक्के असले, तर तोच हप्ता सुमारे सोळा लाखांवर जातो. पॅनेल तेच, ऊन तेच, कामगारही तेच. वीज मात्र दुप्पट महाग. अफ्रिकेत ऊर्जाप्रकल्पांना लागणाऱ्या भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या किमान दुप्पट-तिप्पट असतो, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने वारंवार दाखवून दिले आहे. जगातील सर्वोत्तम सौर संपत्तीपैकी सुमारे साठ टक्के ज्या खंडात आहे, तेथे जगाच्या सौर विद्युतक्षमतेचा जेमतेम एक टक्का का, याचे बरेचसे उत्तर या व्याजाच्या दरात दडलेले आहे. सूर्य भेदभाव करीत नाही. बँक करते.

आता आपल्या शेजारी, कर्नाटकात या. 1995 साली हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी ‘सेल्को’ ही कंपनी स्थापन केली. आपल्याकडे हांडे यांचे नाव ठाऊक झाले ते प्रामुख्याने 2011 च्या मॅगसेसे पुरस्कारामुळे. त्यांनी दिवे विकले हे सर्वांना माहीत असते. पण त्यांचे अधिक मोलाचे काम बँकेच्या शाखेत, व्यवस्थापकाच्या टेबलासमोर झाले. त्या काळच्या शाखाधिकाऱ्याचा युक्तिवाद बिनतोड होता. म्हशीला कर्ज दिले तर दूध येते, शिलाई यंत्राला दिले तर कपडे शिवले जातात. दिव्यातून काय येते? दिवा म्हणजे उपभोगाची वस्तू, जवळजवळ चैन. ऋण काढून सण करण्यातलाच प्रकार! त्यावर उत्तर द्यायचे तर दिव्याखाली कोण बसते हे दाखवावे लागते. अंधार पडल्यावरही विक्री चालू ठेवणारा भाजीवाला, रात्री दोन तास अधिक विड्या वळणारी बाई, शिंपी, सुईण. दिवा लागला की या माणसांचा दिवस लांबतो आणि त्या लांबलेल्या दिवसातून हप्ता निघतो. मलप्रभा ग्रामीण बँकेसारख्या बँकांनी हे ओळखले आणि नव्वदच्या दशकातच घरगुती सौर दिव्यांसाठी कर्जे दिली.

हांडे नेहमी सांगतात ती एका विक्रेत्याची गोष्ट अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. महिन्याला तीनशे रुपये त्याला परवडत नव्हते, दिवसाला दहा रुपये परवडत होते. आपण सुशिक्षित माणसे हसून म्हणू की रक्कम तर एकच झाली! ती एक नाही. ज्याची कमाई रोजची, त्याच्या हातात महिनाअखेरीस तीनशे रुपये एकत्र उरतच नाहीत. तेव्हा हप्ता माणसाच्या मिळकतीच्या तालावर बेतावा लागतो. विक्रेत्याला रोजचा, बागायतदाराला सुगीनंतरचा, नोकरदाराला महिन्याचा.

आणि ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. याच कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, उडुपीला 1925 साली स्थापन झालेल्या सिंडिकेट बँकेने 1928 पासून पिग्मी ठेव सुरू केली होती. प्रतिनिधी दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करीत असे. आज आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी पतसंस्थेचा पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरतो, त्याचे मूळ तेथे आहे. ठेव जशी दारात जाऊन घेता येते, तसा हप्ताही घेता येतो, एवढीच उलट उडी सौरकर्जाला मारावयाची होती. (ती सिंडिकेट बँक 2020 साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी हा शब्द मात्र टिकून आहे.) 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने याच दोन बँकांना हाताशी धरून सौर कर्जयोजना चालविली. दिव्याच्या किमतीत सूट न देता व्याजाचा काही भाग उचलायचा आणि तोही हळूहळू कमी करीत न्यायचा, अशी तिची रचना होती. काही वर्षांत 16 हजारांहून अधिक घरांना कर्जे मिळाली. मला ही रचना आवडते, कारण तिने ग्राहकाला लाभार्थी न बनविता कर्जदार बनविले. कर्जदाराला तक्रार करण्याचा अधिकार असतो. फुकट वस्तू घेणारा बहुधा गप्प बसतो.

त्याहून मोठा प्रयोग बांगलादेशात झाला, आणि तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे. त्या देशाविषयी आपल्या मनात अनेक गोष्टी आहेत, त्या क्षणभर बाजूला ठेवू. तेथील सरकारने 1997 साली ‘इडकॉल’ ही पायाभूत सुविधांना कर्जपुरवठा करणारी कंपनी काढली. 2003 पासून तिने घरगुती सौर संचांची योजना हाती घेतली. जागतिक बँकेचा पैसा इडकॉलकडे, इडकॉलकडून ग्रामीण शक्तीसारख्या गावोगावच्या संस्थांकडे आणि तेथून कुटुंबाकडे, असा ओघ होता. कुटुंबाने किमतीचा दहा-पंधरा टक्के भाग रोख भरायचा, उरलेले पैसे दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे. हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरीतले पाणी तपासायचा. वसुली आणि दुरुस्ती एकाच हाती ठेवण्यात मोठे शहाणपण होते, कारण दिवा बंद पडला की हप्ता बंद पडतो. 2008 पर्यंत पन्नास हजार संचांचे उद्दिष्ट होते. ते 2005 मध्येच पुरे झाले. 2018 पर्यंत एक्केचाळीस लाखांवर संच बसले आणि सुमारे दोन कोटी माणसांच्या घरी उजेड आला. जगात कोठेही विजेच्या तारांवाचून एवढे मोठे काम झालेले नव्हते.

पुढची कथा सहसा सांगितली जात नाही. गेल्या दशकाच्या मध्यावर दोन गोष्टी एकदम घडल्या. सरकारने ग्रामविकासाच्या निधीतून सौर संच फुकट वाटण्यास आरंभ केला, आणि विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा फार वेगाने गावात शिरल्या. मार्च 2022 मध्ये तर संपूर्ण विद्युतीकरणाची घोषणाही झाली. ज्याने अर्धे हप्ते भरले होते त्याने शेजाऱ्याच्या छपरावरचा फुकटचा संच पाहिला, दारातला विजेचा खांब पाहिला आणि हात आखडता घेतला. गावोगावच्या संस्थांची वसुली ढासळली, त्यांना इडकॉलचे पैसे फेडता येईनात. यात कुटुंबाचा दोष मला दिसत नाही. कोणत्या गावात तार केव्हा येणार हे सरकारला ठाऊक असते, कर्ज देणाऱ्या संस्थेला नसते, कर्ज घेणाऱ्याला तर मुळीच नसते. एकाच सरकारच्या एका हाताने कर्ज दिले आणि दुसऱ्या हाताने त्या कर्जाचा पाया काढून घेतला.

अफ्रिकेत निराळीच अडचण निघाली. केनियात 2007 साली ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू झाली आणि 2012 पासून ‘एम-कोपा’ने तिच्या आधारावर सौर संच उधारीने विकले. रोज चाळीस-पन्नास शिलिंग मोबाइलवरून भरावेत. पैसे आले नाहीत तर संच दुरूनच बंद होतो. वसुलीचा माणूसच नको. युक्ती चतुर आहे, जरा निष्ठुरही आहे. पण खरी मेख चलनात आहे. अशा कंपन्यांना भांडवल देणारे बहुधा डॉलर-युरोत देतात आणि ग्राहक शिलिंगमध्ये किंवा नायरामध्ये फेडतो. 2023 च्या जूनमध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडल्यावर तो कोसळला. अशा वेळी ग्राहकाने प्रत्येक हप्ता वेळेवर भरला तरी कंपनी तोट्यात जाते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आजही सुमारे साठ कोटी माणसे विजेवाचून राहतात. 2030 पर्यंत त्यांपैकी तीस कोटींना वीज देण्याचा संकल्प जागतिक बँक आणि अफ्रिकी विकास बँक यांनी 2024 मध्ये सोडला आहे. विनिमयाची ही जोखीम कोण उचलणार, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

येथे भारताचा संबंध थेट येतो. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा 2015 च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये भारत आणि फ्रान्स यांनी मिळून केली. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे आणि शंभराहून अधिक देश तिच्याशी जोडले गेले आहेत. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटतो. परंतु 2030 पर्यंत एक लाख कोटी डॉलर उभे करण्याचे तिचे उद्दिष्ट परिषदांमधून पुरे होणार नाही. मलावीतल्या एखाद्या बँकेला स्थानिक चलनात कर्ज देण्याचा धीर यावा, एवढी हमी आघाडीने उभी करावयास हवी. हमी आणि विमा यांसाठी तिने निधीची योजना आखली आहे, दिशा योग्य आहे. त्यात पैसा किती पडतो, इकडे पत्रकारांनी लक्ष ठेवावे.

आपल्या घरचेही थोडे पाहू. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपुरातील लेइसांग गावी वीज पोहोचली आणि देशातील शेवटचे गाव जोडले गेले. आता येथे प्रश्न दिव्याचा उरलेला नाही, पंपाचा आणि छपराचा आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरील संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आणि अल्प व्याजाचे कर्ज मिळते. महाराष्ट्रात मागेल त्याला सौर कृषी पंप मिळतो. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची. सहाव्या वर्षी पंप बिघडला, तर त्याच्या दुरुस्तीसाठी आपल्या जिल्हा बँकेत, आपल्या विविध कार्यकारी सोसायटीत कर्जाची काही सोय आहे का? आपल्यापैकी काहीजण अशा संस्थांच्या संचालक मंडळावर आहेत, म्हणून हा प्रश्न मुद्दाम येथे विचारतो. उत्तर आज मिळाले नाही तरी चालेल. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, इतकी विनंती करून प्रश्नोत्तरांसाठी थांबतो.