डोक्याचा मार आणि पुढचे काही तास
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज डॉक्टर म्हणून बोलतोय, पण गोष्ट आपल्याच वर्गातली आहे. शाळा सुटून दोनच वर्षं झाली होती. घोडबंदरला किल्ल्याजवळच्या रस्त्यावर आपला एक मित्र मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. क्षणभर शुद्ध हरपली, मग उठला, चहा प्यायला, थट्टाही केली. "घरी जाऊन झोप, सकाळी बरं वाटेल," असं मीच त्याला सांगितलं. पहाटे उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं. तो वाचला; पण आजही नावं चटकन आठवत नाहीत. हे त्याच्या परवानगीनेच सांगतोय. तो पहिल्या रांगेत बसलाय.

पुढे शिकताना कळलं, की मार क्षणात बसतो, पण हानी तिथे थांबत नाही. दुखावलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे रसायन बेसुमार बाहेर पडतं. त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं आणि तंतुकणिका, ज्यांची आकृती आपण जीवशास्त्राच्या वहीत काढायचो, त्या निकामी होऊ लागतात. पेशीची ऊर्जा आटते. मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, जाग्या होतात. दाह सुरू होतो. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, सूज येते. कवटी हाडाची, सुजेला जागा कुठली? आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा घटतो. हे मिनिटांत सुरू होतं आणि कित्येक दिवस चालतं.

मग सूज उतरवणारं स्टेरॉइड द्यावं? पूर्वी अनेक ठिकाणी देत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रॅश' चाचणीत १०,००८ रुग्ण होते. स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू उलट जास्त झाले. दाह नुकसान करतो, तशी मोडतोडीची साफसफाईही करतो. त्याला नेमका आवरणारं औषध अजून हाती नाही. म्हणून प्राणवायू आणि रक्तदाब सांभाळणं, वेळेत सीटी स्कॅन करणं, रक्त साकळलं असेल तर शस्त्रक्रिया करणं, यावरच सारी भिस्त.

लवकर नेलं असतं तर तो पूर्ण बरा झाला असता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते तास आम्ही झोपेत घालवले, एवढं खरं.

तेव्हा हेल्मेट घाला. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, उलटी झाली, डोकेदुखी वाढली, गुंगी आली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर १०८ला फोन करा. आणि माझं ते वाक्य कुणालाही सांगू नका.